बंगळूर ते वागातोर : एकट्याची वारी

पहाटेचे चार. मल्लेश्वरमसारख्या बंगळूरच्या जुन्या वस्तीत एवढ्या लवकर जागे असतात ते फक्त दूधवाले आणि फुलवाले. नोव्हेंबरातल्या एखाद्या गुरुवारी मात्र गल्लीतल्या आणखी एका घरात दिवा लागलेला दिसतो. फाटकाशी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल उभी असते. मागच्या सीटवर बंजी दोऱ्यांनी आवळून बांधलेली बॅग, टाकीवर छोटी पिशवी, हँडलला फोन अडकवायचा चिमटा. मुलगा हेल्मेटचा पट्टा लावत असतो आणि आई चित्रान्नाचा डबा घेऊन पायरीवर उभी असते.

‘‘ऑफिसातलं कुणीच नाही का बरोबर?’’

‘‘आई, तिथं हजारो जण भेटतील.’’

‘‘तिथं भेटतील रे. वाटेत कोण आहे?’’

असे संवाद बंगळूरच्या कितीतरी घरांत दरवर्षी झडतात. कधी कन्नडमध्ये, कधी तमिळमध्ये, कधी तिथल्या जुन्या मराठी घरांतल्या कन्नड मिसळलेल्या मराठीत. मुलगा (आणि हल्ली मुलगीसुद्धा) निघालेला असतो गोव्याला. समुद्रावर डुंबायला नव्हे, तर मोटारसायकलवाल्यांच्या जत्रेला. बार्देश तालुक्यातल्या वागातोरला, शापोऱ्याच्या किल्ल्याच्या पायथ्याशी ही जत्रा भरते. रॉयल एनफिल्डवाल्यांचा ‘रायडर मेनिया’ अनेक वर्षं गोव्यातच भरत आला. २०२३ साली त्याचं नाव ‘मोटोव्हर्स’ झालं, पण जुने लोक अजून जुनंच नाव घेतात. ‘इंडिया बाईक वीक’ हा दुसरा मोठा मेळाही २०१३ साली वागातोरलाच सुरू झाला आणि पुढे कधी गोव्यात, कधी लोणावळ्याजवळ भरला.

मोटारसायकल आणि समुद्र यांचं नातं तसं जुनं आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना बीचला १९३७ साली पहिली शर्यत झाली, ती चक्क किनाऱ्यावरच्या वाळूतून. त्या शर्यतीभोवती जमलेल्या गर्दीतूनच तिथला ‘बाईक वीक’ उभा राहिला. पुढच्याच वर्षी साउथ डाकोटातल्या स्टर्जिस या आडगावी दुसरा मेळा सुरू झाला. तोही अजून भरतो. आपल्याकडची ही जत्रा त्यांचीच धाकटी भावंडं. फरक एवढाच, की आपल्याकडे तिथवर पोचायचं तर वाटेत बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि उलट्या दिशेनं येणारे स्कूटरवालेही पार करावे लागतात.

बंगळूरहूनच एवढी माणसं का निघतात, याचं उत्तर त्या शहरात आहे. एक कोटीहून जास्त वाहनांच्या या शहरात सुमारे दोन तृतीयांश वाहनं दुचाकी आहेत. पण वाहनांच्या गर्दीतून मोटारसायकलचं वेड तयार होत नाही. ते मुळात शेजारच्या म्हैसूरचं देणं. तिथल्या ‘आयडियल जावा’च्या कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी बाहेर पडू लागल्या. १९९६ साली कारखाना बंद पडला, तरी गाड्या बंद पडल्या नाहीत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी बंगळूरच्या रस्त्यावर अजून त्या शेकड्यानं जमतात. चकचकीत पुसलेल्या, नळकांडीतून निळा धूर सोडणाऱ्या. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली आणि नातवानं कर्ज काढून नव्यानं बांधून घेतलेली गाडी तिथं सहज दिसते. वर संगणकाच्या नोकऱ्यांनी तरुणांच्या हातात पैसा आणि शुक्रवारी संध्याकाळी शहराबाहेर पळायची घाई, दोन्ही एकदमच दिलं.

तर एकटा निघालेला हा स्वार यशवंतपूर, पीण्या, नेलमंगल असा उजाडायच्या आत शहराबाहेर पडतो. हा पुणे-बंगळूर महामार्ग. जुन्या लोकांसाठी अजूनही ‘एनएच फोर’, नव्या पाट्यांवर ‘४८’. टोलनाक्याच्या डाव्या अंगाला दुचाकीसाठी अरुंद वाट सोडलेली असते. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, हा या प्रवासातला पहिला छोटा आनंद! बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गावर मात्र ऑगस्ट २०२३ पासून दुचाकीला बंदीच आहे. त्यामुळे जावाच्या गावाला जावावरून जायचं, तर आता बाजूच्या रस्त्यानं.

सत्तरेक किलोमीटरवर तुमकूर. त्याच्या अलीकडच्या क्यात्सांद्र्याला ताटलीएवढी ‘तट्टे इडली’ मिळते आणि पहिला थांबा बहुतेकांचा तिथंच होतो. अनुभवी माणूस इथं नुसती इडली खात नाही. हातमोजे काढून चाकांना हात लावून पाहतो. टायर जास्त तापलं असेल तर हवा कमी आहे. चेन सैल झाली आहे का, बॅगेची दोरी घसरून सायलेन्सरला तर लागत नाही ना, हे पाहतो. एकट्याच्या प्रवासात मागून येणारा मित्र ‘अरे, तुझी बॅग लोंबतेय’ असं सांगायला नसतो. म्हणून थांबा हीच तपासणी.

दोनशे किलोमीटरवर चित्रदुर्ग. टेकड्यांवर ओळीनं फिरणाऱ्या पवनचक्क्या दिसू लागल्या, की ते आलं असं समजावं. त्या पवनचक्क्या फिरवणारा वारा मोटारसायकललाही सोडत नाही. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडलं, की बाजूनं असा फटका बसतो की गाडी हातभर सरकते. अशा वेळी हँडल घट्ट आवळणारा माणूस जास्त हेलकावतो. गुडघ्यांनी टाकी धरावी आणि हात सैल सोडावेत, हे कुणी आधी सांगितलेलं असेल तर ठीक. नाहीतर वारा शिकवतोच. याच किल्ल्यात हैदरअलीच्या सैनिकांना एका चोरवाटेवर पहारेकऱ्याच्या बायकोनं, ओबव्वानं, हातातल्या मुसळानं एकेक करून लोळवलं. तीही त्या वेळी एकटीच होती. नवरा जेवायला बसला होता, म्हणतात.

पुढं दावणगेरे. लोण्याच्या डोशाचं गाव. मराठी माणसानं इथं डोसा खाताना आणखी एक गोष्ट आठवायला हरकत नाही. याच जिल्ह्यातल्या चन्नगिरी तालुक्यात, महामार्गापासून आत, होदिगेरे नावाचं गाव आहे. तिथं शहाजीराजांची समाधी आहे. बंगळूर ही त्यांची जहागीर, १६३८ नंतरची. आयुष्यभर घोड्याच्या पाठीवर काढलेला हा सेनानी १६६४ च्या जानेवारीत तिथं शिकारीत घोड्यावरून पडून गेला. घोडा काय, मोटारसायकल काय, पडणाऱ्याचा अनुभव किती मोठा आहे हे जमीन विचारत नाही.

ही गोष्ट इथं सांगायचं कारण आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतले ७४ हजार ८९७ दुचाकीवरचे होते. म्हणजे दर शंभरांत चव्वेचाळीस-पंचेचाळीस. आणि हेल्मेट न घातल्यामुळे गेलेले पन्नास हजारांहून जास्त. आईच्या ‘वाटेत कोण आहे?’ला हसण्यापूर्वी हे आकडे मुलानं एकदा वाचावेत.

एकटा निघणारा शहाणा असेल तर त्याच्या बॅगेतल्या वस्तूंवरूनच ते कळतं. जादा क्लच केबल, पंक्चर काढायचं साहित्य, हवा भरायचा छोटा पंप, स्पार्क प्लग आणि पाना, साखरमिठाच्या पुड्या. आयएसआय शिक्क्याचं, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट. आत कानात बोळे, कारण ताशी शंभरच्या वेगाला हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज कारखान्यातल्या यंत्राएवढा असतो आणि माणूस त्यानंच निम्मा थकतो. जॅकेटच्या आतल्या खिशात चिठ्ठी : नाव, रक्तगट, घरचा नंबर. फोनला कुलूप असतं, चिठ्ठीला नसतं! महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठल्याही संकटात ११२ हे दोन नंबर. आणि हेही घरोघरी माहीत असायला हवं, की अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानंच संरक्षण दिलं आहे. त्याला साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक अजून गाडी न थांबवता निघून जातात.

तरीही, ‘वाटेत कोण आहे’ याचं खरं उत्तर मिळतं ते हावेरी-हुबळीच्या टप्प्यात. डिसेंबर तोंडावर आला, की ब्याडगीच्या लाल मिरचीचा हंगाम जवळ येऊ लागतो. चहाच्या टपरीवर गाडी लावली की पाच मिनिटांत माणसं जमतात. कुठून? कुठे? एकटाच? ॲव्हरेज किती देते? किंमत किती? चार जणांच्या टोळक्याला हे प्रश्न कुणी विचारत नाही. टोळकं आपापसात बोलत असतं. एकट्याला विचारतात, त्याला बाकावर जागा करून देतात, पंक्चरवाल्याच्या पोराला हाक मारतात. एकट्यानं जाण्यातला फायदा कुणी विचारला, तर तो हा आहे. समुद्र, वेग, स्वातंत्र्य वगैरे जाहिरातीत ठीक.

मुलींच्या बाबतीत मात्र हाच बाक, हेच प्रश्न थोडे वेगळे होतात. ‘एकटीच?’ या शब्दातला सूर बदलतो. म्हणून ज्यांनी तो सूर आधी पचवला, त्यांची नावं या रस्त्यावर घेतलीच पाहिजेत. पुण्यात २०११ साली उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी ‘बायकर्णी’ हा महिला मोटारसायकलस्वारांचा गट सुरू केला. बंगळूरात ‘हॉप ऑन गर्ल्स’नं बायकांना बुलेट शिकवायला घेतली. शिकायला आलेल्यांत कॉलेजातल्या मुली होत्या, तशा गृहिणीही. रोशनी शर्मा २०१४ साली कन्याकुमारीहून काश्मीरला एकटी गेली, ती बंगळूरातच नोकरी करत होती. हुबळीची कँडिडा लुईस आधी भारतभर एकटी हिंडली आणि २०१८ साली बंगळूरहून निघून पार सिडनीपर्यंत गेली. बंगळूरचीच ऐश्वर्या पिस्से २०१९ साली ‘बाजा’ शर्यतींच्या विश्वचषकात महिलांमध्ये पहिली आली. मोटार-स्पर्धांमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. या साऱ्यांच्याही आधी, १९७३ मध्ये, आन-फ्रान्स दोतविल ही फ्रेंच पत्रकार अवघ्या सव्वाशे सीसीच्या कावासाकीवर एकटी जगप्रदक्षिणेला निघाली होती. गाडी मोठी लागते, हा समज तिनं तेव्हाच मोडीत काढला.

धारवाडला पेढे घ्यावेत, पण बॅगेत वर ठेवू नयेत, उन्हानं लगदा होतो. पुढे कित्तूर. राणी चन्नम्मानं १८२४ साली जिथून इंग्रजांना पहिला तडाखा दिला, तो किल्ला. आणि दुपारी एक-दोनच्या सुमाराला, पाचशे किलोमीटर झाल्यावर, बेळगाव. पाट्या कन्नड असल्या तरी हॉटेलातला मालक ‘‘काय देऊ?’’ म्हणतो आणि स्वाराच्या खांद्यावरचं ओझं उगाच हलकं होतं. जेवण हलकं घ्यावं, कुंदा डब्यात बांधून घ्यावा. कारण खरी परीक्षा अजून पुढेच असते.

घाट

बेळगावहून गोव्यात उतरायला वाटा आहेत तीन-चार. हुबळीहूनच फुटून येल्लापूर-अंकोल्यावरून कारवारमार्गे जाणारेही बरेच. तो रस्ता देखणा, पण ७ ऑगस्ट २०२४ ला कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल मध्यरात्री कोसळला, तेव्हापासून अनेकांच्या मनात त्या वाटेची धास्ती बसली. वागातोरला जाणाऱ्यांना सोयीचा तो चोर्ला घाट. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, म्हापसा, आसगाव.

जांबोटीनंतर जंगल सुरू होतं आणि फोनची रेंज जाते. कणकुंबीला माऊलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम आहे. तिथं पडलेलं पाणी पूर्वेला शेकडो किलोमीटर जाऊन कृष्णेला मिळतं आणि थोडंसंच पलीकडे पडलेलं पाणी म्हादईतून गोव्यात उतरून अरबी समुद्रात जातं. एका टेकाडाचा फरक! त्याच पाण्यावरून दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडताहेत. मोटारसायकलवाल्याला मात्र त्या टेकाडावर एवढंच जाणवतं, की हवा बदलली. कोरडा, धुळीचा वास जाऊन ओलसर, पाल्याचा वास येतो.

इथं वेळेला महत्त्व आहे. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि घाटात त्याआधीच अंधारतं. गवे कठड्यालगत चरत असतात. गवा हे गोव्याचं राज्यप्राणी खरं, पण वळणावर समोर आला तर एक टनाच्या आसपासचा काळा दगडच. म्हणून बेळगाव तीनच्या आत सोडायचं, नाहीतर तिथंच मुक्काम करायचा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरायचं. मागचा ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. वळणावर दरीकडे बघायचं नाही, जिथं जायचं तिथं बघायचं, कारण गाडी नजरेमागं जाते. खाली अंजुणे धरणाचं पाणी चमकलं, की घाट संपत आला.

जत्रा

वागातोरच्या माथ्यावर लाल मातीच्या मोकळ्या जागेत हजारो गाड्या ओळीनं लागलेल्या असतात. इथं माणसाची ओळख नावानं होत नाही, नंबरप्लेटनं होते. ‘‘केए शून्य तीन? इंदिरानगर का?’’ ‘‘एमएच नऊ म्हणजे कोल्हापूरकर!’’ झाली ओळख. दिवसभर ढणाढण गाणी, बदल करून घेतलेल्या गाड्यांचं प्रदर्शन, मातीच्या गोल धावपट्टीवर शर्यती. एका स्पर्धेत गाडीचे भाग सुटे करून पुन्हा जोडून ती चालू करायची असते, दुसरीत अख्खी गाडी उचलून पळायचं. पण सर्वांत गंमतीची ती ‘स्लो रेस’. जो सर्वांत शेवटी पोचेल तो जिंकतो! पाय टेकवला की बाद. क्लच अर्धा धरून, श्वास रोखून, इंच इंच पुढे सरकणारे ते दांडगे मिशाळ पुरुष पाहिले, की ही सगळी फौज घरी बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात रोज हाच सराव करते, हे लक्षात येतं.

सगळंच गोड नसतं. सायलेन्सर काढून गावातून घुमवत जाणारे, मध्यरात्री गल्लीत इंजिन रेस करणारे, दारू पिऊन हेल्मेट हँडलला लटकवून किनाऱ्यावर जाणारे असे असतातच. वागातोर-आसगावातल्या म्हाताऱ्या माणसांची झोप आणि त्यांचा राग, दोन्ही खरे आहेत. बदललेला सायलेन्सर हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो आवाज म्हणजे मोटारसायकलचं प्रेम नव्हे. जाणते स्वारच हे चारचौघांत सांगू लागले आहेत, हे बरं.

आणि परत

सगळी वर्णनं इथं संपतात. फोटो इथवरचेच असतात. पण घरी वाट पाहणाऱ्यांसाठी प्रवासाचा निम्मा, आणि जास्त धोक्याचा, भाग अजून उरलेला असतो. जाताना माणूस झोप काढून, गाडी तपासून, पहाटे निघतो. येताना? दोन-तीन रात्रींचं जागरण, डोक्यात गाणी, आणि सोमवारी दहाला ऑफिस. म्हणून कितीतरी जण रविवारी दुपारी निघतात आणि रात्रभर गाडी हाकतात. चोर्ला संध्याकाळी, हावेरी रात्री अकराला, चित्रदुर्ग दोनला. पुढचा महामार्ग सरळ आणि गुळगुळीत आहे, हाच त्याचा धोका. ताशी ऐंशीच्या वेगाला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला, तर सासष्ट मीटर कुणीच गाडी चालवत नसतं. गाडीत झोपलेल्याला शेजारचा हलवतो. मोटारसायकलवर एकट्याला कोण हलवणार?

यावर उपाय साधे आहेत. पण जायच्या उत्साहात सुचत नाहीत, म्हणून निघण्याआधी घरच्यांनीच पदरात घालावेत. रजा एक दिवस जादा घ्यायला लावा. सोमवारी सकाळी निघायचं, हुबळीला किंवा दावणगेरेला मुक्काम करायचा, मंगळवारी घरी. नाहीतर सरळ रेल्वे. वास्कोहून यशवंतपूरला गाडी आहे, ती दूधसागरच्या घाटातून जाते. मोटारसायकल पार्सल ऑफिसात नोंदवायची, टाकीतलं पेट्रोल रिकामं करायचं, नोंदणी पुस्तकाची प्रत द्यायची आणि गोणपाटात गुंडाळून चढवायची. यात कमीपणा कसला? पण हा रस्ता फार थोडे पत्करतात. ‘गाडीवर गेलो, गाडीवर आलो’ हे सांगता आलं पाहिजे ना! कुणाला सांगायचं, हे मात्र विचारू नये.

आणि फोन. ‘पोचल्यावर कर’ असं सांगण्यापेक्षा ‘तुमकूर, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, थांबलास की एक ओळ टाक’ असं ठरवणं चांगलं. थांब्याचा संदेश टाकायचा म्हणून तरी माणूस थांबतो. घाटात रेंज नसते हे आधी सांगून ठेवलं, तर त्या दीड तासात घरचे देव पाण्यात ठेवत नाहीत.

मंगळवारी दुपारी मल्लेश्वरमच्या गल्लीत ओळखीचा आवाज येतो. फाटक उघडतं. गाडीच्या दिव्यावर आणि हेल्मेटच्या काचेवर बाराशे किलोमीटरचे किडे चिकटलेले असतात. चेहऱ्यावर चष्म्याच्या आकाराचा गोरा पट्टा सोडून बाकी सगळं रापलेलं. आई आधी त्याच्याकडे पाहते, मग गाडीभोवती एक फेरी मारून कुठं खरचटलंय का ते बघते. मुलगा कुंद्याचा डबा पुढे करतो. चित्रान्नाचा डबा कुठाय, असं ती विचारते. तो वागातोरलाच राहिलेला असतो.